‘मंचेबल’ : पहिली चार पानं वाचून करार तोडायला सांगणारी स्क्रिप्ट

गमरोड ही ऑनलाइन विक्रीची कंपनी काढणारा साहिल लविंगिया मार्च २०२५ मध्ये डोजतर्फे, म्हणजे ट्रम्प सरकारच्या खर्चकपात मोहिमेतर्फे, अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यात, म्हणजे व्हीएत, दाखल झाला आणि दोन महिन्यांच्या आत बाहेरही पडला. तिथं असताना लिहिलेली करार चाळणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, त्यानं गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर खुली केली, आणि जूनमध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेनं तिचे प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला दिलेल्या सूचना, उलगडून दाखवले. त्याच्या नेमणुकीवर भांडणारे पुष्कळ आहेत, इथं परीक्षण फक्त अवजाराचं. आमचं मत आधीच सांगतो: हॅकेथॉनला, म्हणजे झटपट कोडिंगच्या स्पर्धेला, बरी, खात्यात नको.

चालते अशी. कराराच्या मजकुरातली पहिली १०,००० अक्षरं ओपनएआयच्या एआय मॉडेलला द्यायची आणि करार ‘मंचेबल’, म्हणजे गिळण्याजोगा, आहे का ते विचारायचं. मुख्य कसोटी ही, की काम रुग्णसेवेपासून किती पायऱ्या लांब आहे. थेट सेवा शून्य पातळीवर, ज्यांच्यावाचून अडेल असे सल्लागार पहिल्या पातळीवर. त्यापुढचे कापायला मोकळे. या चाळणीतून २,००० हून जास्त करार ‘मंचेबल’ ठरले. त्यावर माणसांची नजर फिरणार होती, हे खरं. पण यादी हातात आली की डोळे यादीवरच खिळतात, यादीबाहेर राहिलेलं कोण बघतो?

सगळ्यात मोठी खोट त्या १०,००० अक्षरांत आहे. दाट टाइप केलेली ती जेमतेम तीन-चार पानं. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत निदान भांड्यातलं हवं, इथं ते झाकणाला चिकटलेलं घेतलंय. व्यापारी वस्तू-सेवांच्या अमेरिकी करारात सर्वांत वर एसएफ-१४४९ हा फॉर्म असतो. त्यात पत्ते, कोड, सह्या, आणि २६ व्या रकान्यात एकूण रक्कम. प्रत्यक्ष काय काम करायचं ते ‘स्टेटमेंट ऑफ वर्क’मध्ये असतं, आणि ते बरेचदा पुढं कुठंतरी किंवा वेगळ्या जोडपत्रात सापडतं. करारातल्या दुरुस्त्यांचं तर आणखी अवघड. त्या एसएफ-३० वर येतात आणि त्यात ‘पुढचं वर्ष चालू, इतका निधी वाढवला’ एवढंच असू शकतं. मूळ करार सोबत नसेल तर हे काम कशाचं, हे अनुभवी अधिकाऱ्यालाही सांगता येणार नाही.

एक नमुना डोळ्यांसमोर आणा. रुग्णाला पलंगावरून खुर्चीत हलवायला छताला लिफ्ट बसवलेली असते, तिच्या देखभालीचं कंत्राट. कागदावर शब्द काय येणार? उपकरण, वार्षिक तपासणी, सुटे भाग, भेटींची संख्या. ‘रुग्ण’ हा शब्द एकदाही येणार नाही कदाचित. मॉडेलला ही इमारतीची किरकोळ दुरुस्ती वाटेल. पट्टा तुटला तर पडणार मात्र रुग्णच.

रकमेची चूक त्याहून लाजिरवाणी. हजाराहून जास्त करार प्रत्येकी ३ कोटी ४० लाख डॉलरचे असल्याचं मॉडेलनं ठोकून दिलं. त्यातले काही प्रत्यक्षात काही हजार डॉलरचेच होते. फॉर्मच्या पीडीएफमधून मजकूर उपसला की रकाने विस्कटतात आणि आकडा त्याच्या लेबलपासून सुटतो. अशा वेळी मॉडेल ‘सापडलं नाही’ म्हणत नाही, काहीतरी भरून मोकळं होतं. खरं तर रक्कम मॉडेलला विचारायचीच गरज नव्हती. प्रत्येक कराराला पीआयआयडी हा क्रमांक असतो, व्हीएचा असेल तर तो सहसा ३६सी ने सुरू होतो. सातवा-आठवा आकडा आर्थिक वर्षाचा, नववं अक्षर कराराच्या प्रकाराचं. तो क्रमांक यूएसएस्पेंडिंग या सरकारी खर्चाच्या खुल्या साइटवरच्या नोंदींशी जुळवला की रक्कम आयती मिळते.

हेच काम खात्याचे कर्मचारी करू शकतील का, असंही प्रॉम्प्ट विचारतो. पण खात्यात किती माणसं आहेत, कुठं आहेत, कुणाला काय येतं, यातलं काहीच मॉडेलला दिलेलं नाही. आणि त्याच मार्चमध्ये खात्यातून ८०,००० हून जास्त माणसं कमी करायचा मेमो फिरत होता. बाहेरचं काम आत आणायचं आणि आतली माणसं बाहेर घालवायची, हे गणित कुठल्याच मॉडेलला सुटणार नाही.

जमेची बाजूही आहे. कोड छोटा आहे, वाचता येतो, प्रॉम्प्ट उघडे आहेत. सरकारी यंत्रणेत इतकं उघडं सहसा काही मिळत नाही. ही स्क्रिप्ट चालवून ती सांगेल तसं वागा असं आपण कुणालाच सुचवणार नाही, हे लविंगियानं स्वतःच सांगितलंय. घाईचं कारणही कळण्यासारखं आहे. २६ फेब्रुवारीच्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानं कराराच्या फेरतपासणीला ३० दिवस दिले होते.

कुणाला हिच्यावरून काही बांधायचंच असेल तर अक्षरमर्यादा काढून ‘स्टेटमेंट ऑफ वर्क’चा भाग शोधून द्या. एसएफ-३० मूळ करारासोबतच पाठवा. उत्तरात ‘सांगता येत नाही’ हा तिसरा पर्याय ठेवा, आणि तो एकदाही आला नाही तर प्रॉम्प्टवर संशय घ्या. आधी दोनेकशे करार ते काम रोज बघणाऱ्या माणसाकडून हातानं तपासून घ्या. मग मॉडेलनं गरजेचा करार किती वेळा कापला आणि निरुपयोगी किती वेळा सोडला, हे वेगवेगळं मोजा. दोन्हींची टक्केवारी एकत्र करू नका, पहिली चूक कितीतरी महाग पडते. आणि बचतीच्या रकान्यात कराराची पूर्ण रक्कम टाकू नका. सरकारनं सोयीखातर करार मध्येच संपवला तरी झालेल्या कामाचे पैसे आणि आवराआवरीचा वाजवी खर्च ठेकेदाराला द्यावाच लागतो.