सासूबाईंचे मत : प्रियोळ मतदारसंघातल्या ज्येष्ठांच्या मतदान सेवेबद्दल

गोव्यातल्या प्रियोळ मतदारसंघात २०२२ सालचा विधानसभेचा निकाल २१३ मतांनी लागला. गोविंद गावडे निवडून आले, दीपक ढवळीकर पडले, आणि पुढे कित्येक दिवस आमच्या वाड्यावर कोण मतदानाला गेले नि कोण घरीच राहिले याचीच चर्चा. शेजारच्या फोंडा मतदारसंघात फरक ७७चा, सांत आंद्रेत ७६चा. त्या वेळचे साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार ४० मतदारसंघांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम एकोणतीस हजार येतात. एवढ्या लहान मतदारसंघात गुडघे धरलेली, नजर मंदावलेली म्हातारी माणसे किती, ते ज्याने त्याने आपल्या वाड्यावर मोजून बघावे. त्यांची मते पेटीत पडतात की नाही यावर आमदार ठरू शकतो. म्हणून या सेवेबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे. घरून मतदान आणि केंद्रावरचे मतदान, दोन्ही आम्ही एकाच मतदारासाठी अनुभवले आहे.

मी सावईवेऱ्याची. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, त्यामुळे मतदान अधिकारी म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसले आहे. मतदार आहेत माझ्या सासूबाई. २०२२ साली त्यांचे वय होते ८२. डिसेंबर १९६३मध्ये गोव्यात विधानसभेची पहिली निवडणूक झाली तेव्हापासून त्यांनी एकही मत चुकवलेले नाही. जानेवारी १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलिनीकरणासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने अशा निशाण्या होत्या. आमच्या घरात त्या वेळी दोन्ही बाजूंची माणसे होती. सासूबाईंनी शिक्का कशावर मारला ते सासऱ्यांनी विचारले तरी सांगितले नाही, आणि आजही कुणाला ठाऊक नाही. मताची गुप्तता ही त्यांच्या लेखी देवघरातल्या सोवळ्याइतकी पक्की गोष्ट. पुढे जे लिहिते आहे ते वाचताना हे लक्षात असू द्या.

२०२२च्या निवडणुकीत ८० वर्षांवरच्यांना घरून टपाली मतपत्रिकेने मतदान करता येत होते. त्यासाठी १२-डी नावाचा अर्ज भरून द्यावा लागतो. आमच्या भागाची बीएलओ, म्हणजे मतदार यादीचे काम बघणारी केंद्रस्तरीय अधिकारी, अंगणवाडीत काम करते, वाड्यावरचे प्रत्येक घर तिला माहीत. ती स्वतः अर्ज घेऊन आली, सोप्यावर बसली आणि सासूबाईंना सगळे नीट समजावले. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बरेच लोक नीट ऐकून घेत नाहीत: अर्ज एकदा मंजूर झाला की यादीत तुमच्या नावापुढे खूण होते आणि मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पथक घरी येईल त्या दिवशी तुम्ही घरी असायला हवे. नसलात तर पथक आणखी एकदा येते. तेव्हाही नसलात तर मत गेले. बीएलओने हे दोनदा सांगितले, आणि सासूबाईंनी अर्ज भरायचा की नाही यावर रात्रभर विचार केला. केंद्रावर जाणे हा त्यांच्यासाठी मानाचा भाग होता. नवी नेसायची, बोटाला शाई लावून घ्यायची, वाटेत चार ओळखीची माणसे भेटायची. शेवटी गुडघ्यांनी निर्णय घेतला.

पथक आले ते मतदानाच्या आधीच्या आठवड्यात, आधी फोन करून. दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओ काढणारा मुलगा. कोविडचे दिवस, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. एका उमेदवाराचा प्रतिनिधी बरोबर आला होता, तो बाहेर खळ्यातच उभा राहिला. अधिकारीबाईंनी आधी ओळखपत्र तपासले, मग घरातल्या आम्हा सगळ्यांना अगदी गोड शब्दांत बाहेर काढले. माझ्या नवऱ्याने “आईला वाचून दाखवतो” म्हटले तर त्या म्हणाल्या, “आजींना स्वतःला जमत नसेल तर त्या सांगतील, आपण नको.” हे वाक्य मला फार आवडले. ज्या घरात चार कर्ती माणसे आहेत तिथे म्हातारीचे मत कर्त्या माणसाचे होऊन जायला वेळ लागत नाही. केंद्रावर आडोसा असतो, घरी तो अधिकाऱ्यांना उभा करावा लागतो. त्यांनी पुठ्ठ्याचा घडीचा आडोसा आणला होता, तो जेवणाच्या टेबलावर मांडला. व्हिडिओवाल्याला त्यांनी आडोशाच्या मागे जाऊ दिले नाही.

आतून सासूबाईंचा आवाज आला, “बटण खंय?” १९९९मध्ये विधानसभेची अख्खी निवडणूक मतदान यंत्रावर घेणारे गोवा हे पहिले राज्य. म्हणजे तेवीस वर्षे त्यांनी बटणच दाबले होते, आणि आता समोर पुन्हा कागद. त्याआधी कागदावर शिक्का मारायचा, इथे पेनाने खूण करायची. अधिकारीबाईंनी कोऱ्या कागदावर खूण कशी करायची ते दाखवले आणि त्या पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

पुढचा भाग मी दारातून पाहिला आणि तिथे माझ्यातली जुनी मतदान अधिकारी जागी झाली. मतपत्रिका घडी करून लहान पाकिटात जाते. मोठ्या पाकिटात ते लहान पाकीट आणि सोबत मतदाराने सही केलेले घोषणापत्र. मोजणीच्या दिवशी सकाळी आठला सगळ्यात आधी टपाली मते हातात घेतात. मोठे पाकीट उघडून घोषणापत्र बघतात. ते नसेल, सही नसेल, साक्षांकन नसेल किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक लहान पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर लहान पाकीट न उघडताच मत बाद. मत कुणाला दिले होते ते कुणी पाहतही नाही. केंद्रावर यंत्रात असे होत नाही, तिथे बटण दाबले की मत नोंदले गेले. घरच्या मतदानात मतदाराने सगळे बरोबर करूनही कागदपत्रातल्या एका राहून गेलेल्या सहीने ते वाया जाऊ शकते. ज्या मतदारसंघात २१३वर निकाल लागतो तिथे या पाकिटांची काळजी फार मोठी. आमच्याकडच्या अधिकाऱ्यांनी क्रमांक मोठ्याने वाचून जुळवले, सासूबाईंची थरथरणारी सही पुरती होईपर्यंत थांबले, साक्षांकन त्यांच्यासमोरच केले आणि पाकीट डिंकाने नीट चिकटवले. चहाला नको म्हणाले, अजून पुढच्या गावांतली घरे घ्यायची होती. माझ्याकडून या सेवेला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला ते शेवटी सांगते.

मग आली लोकसभा. मार्च २०२४मध्ये, म्हणजे निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर, घरून मतदानासाठी वयाची अट ८०वरून ८५ झाली. सासूबाई तेव्हा ८४च्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना मिळालेली सोय वय वाढल्यावर मिळेना, हे त्यांना समजावताना मला अवघड गेले. दुसरी वाट होती ती ४० टक्के दिव्यांगत्वाच्या दाखल्याची. पण गुडघ्यांसाठी तो काढायचा तर वैद्यकीय मंडळासमोर जायला हवे, आणि हाताशी दिवस कमी. मला हा बदल पटलेला नाही. सोय वापरणाऱ्यांची संख्या आवरायची असेल, पण ८० ते ८५ याच वयात माणसे घराबाहेर पडायची थांबतात. पंचाऐंशी ओलांडणारी मुळातच थोडी.

७ मे २०२४. कडक ऊन. मतदान सकाळी सात ते संध्याकाळी सहा, म्हणून आम्ही सातलाच निघालो. केंद्र म्हणजे प्राथमिक शाळेचा वर्ग. व्हीलचेअर होती, ती ढकलायला एक तरुण स्वयंसेवक होता, आणि ज्येष्ठ म्हणून रांगेत थांबावे लागले नाही. इथपर्यंत उत्तम. पण रॅम्प म्हणजे पायऱ्यांवर टाकलेल्या फळ्या, आणि उतार इतका उभा की स्वयंसेवक आणि माझा नवरा दोघांनी मिळून खुर्ची वर नेली. सासूबाईंनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून डोळे मिटून घेतले होते. शाळेत व्हीलचेअर आहे आणि तिला चढायला वाट नाही, तर कागदावर सोय पूर्ण दिसते आणि म्हातारे माणूस पुढच्या वेळी यायचे टाळते. सिमेंटचा कायमचा, सौम्य उताराचा रॅम्प बांधायला किती खर्च येतो? शाळेत मुलेही येतात, त्यांच्यातही एखादे खुर्चीवर असू शकते.

आतल्या माणसांबद्दल मात्र तक्रार नाही. पहिल्या अधिकाऱ्याने नाव मोठ्याने वाचले, दुसऱ्याने डाव्या तर्जनीला शाई लावली, आणि त्या शाईकडे बघून सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे हसू आले ते बघून माझा रॅम्पवरचा राग जरा उतरला. यंत्राजवळ त्या एकट्याच गेल्या. मत कुणाला नोंदले गेले ते दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि खाली पडते. २०१७मध्ये गोव्याच्या चाळीसही मतदारसंघांत ही यंत्रे लावली तेव्हा त्यांना ती वाचता आली होती. आता मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना चष्मा सावरेपर्यंत चिठ्ठी गेली. “बीप ऐकली, बस,” म्हणाल्या. पण चिठ्ठी ठेवली आहे ती खात्री पटवण्यासाठी, आणि सात सेकंद तरुण डोळ्यांना पुरतात. केंद्रावरच्या सेवेला पाचपैकी तीन.

जाता जाता एक गोष्ट. फोंडा तालुक्यातले फोंडा, शिरोडा आणि मडकई हे मतदारसंघ दक्षिण गोवा लोकसभेत, प्रियोळ तेवढा उत्तर गोव्यात. माझी नणंद फोंडा शहरात राहते. दोघी मायलेकी फोनवर उमेदवारांबद्दल बोलत होत्या आणि दोघींच्या यादीतली नावे वेगळी. ज्येष्ठांना मतदार चिठ्ठीबरोबर उमेदवारांची यादी मोठ्या अक्षरांत मिळायला हवी, असे मला तेव्हापासून वाटते.

यादीचे काम हाही या सेवेचाच भाग. २०२५च्या नोव्हेंबर-डिसेंबरात एसआयआर, म्हणजे मतदार यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली तेव्हा तीच बीएलओ पुन्हा आली, आधीच छापलेला अर्ज दोन प्रतींत घेऊन. २००२च्या यादीत नाव कुठे आहे ते लिहायचे होते. सासूबाईंचे नाव प्रियोळच्या जुन्या यादीत सापडले, फार वेळ लागला नाही. माझ्या माहेरी मात्र गोंधळ उडाला. माहेर पाळीचे. २००२ साली पाळी हा स्वतंत्र मतदारसंघ होता. पुनर्रचनेनंतर तो उरला नाही, तसेच धारगळ, लोटली आणि पैंगीण हेही गेले. वहिनी जुन्या याद्यांत आताचा साखळी मतदारसंघ शोधत बसली होती. मी तिला पाळी शोध म्हणून सांगितले तेव्हा काम झाले. जुन्या आणि नव्या मतदारसंघांच्या नावांचा एक कागद पंचायतीच्या फलकावर लावला असता तर गावोगावचा मनस्ताप वाचला असता. आमच्या बीएलओने अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही करून ती पोच म्हणून परत दिली. ती प्रत मी सासूबाईंच्या ओळखपत्राबरोबर ठेवली आहे. डिसेंबरात मसुदा यादी लागल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो स्वतःच्या नावाबद्दल.

आता तो कापलेला अर्धा गुण. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत १२-डी अर्ज पोचावा लागतो. बीएलओ वेळेवर आली म्हणून आमचे निभावले. पण वाड्याच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी माणसे आहेत, त्या पाच दिवसांत कुणी मुलाकडे पुण्याला गेलेले असते, कुणी इस्पितळात असते. यादीत प्रत्येकाचे वय लिहिलेले आहे. ८५ पूर्ण झालेल्यांची नावे आधीच माहीत आहेत. मग हा अर्ज वर्षभरात कधीही देता यायला हवा, आणि एकदा दिला की पुढच्या निवडणुकीला चालायला हवा, मतदाराने स्वतः रद्द करेपर्यंत. आणि वयाची अट परत ८० व्हायला हवी.

विधानसभेची मुदत मार्च २०२७मध्ये संपते. सासूबाई तेव्हा ८७च्या असतील, म्हणजे घरून मतदानाला पुन्हा पात्र. बीएलओला मी आत्ताच सांगून ठेवले आहे. तुमच्या घरी कुणी त्या वयाचे असेल तर तुम्हीही सांगा. अर्ज आल्यावर सही त्यांच्याच हाताची घ्या, पथक येईल त्या दिवशी घरातून बाहेर थांबा, आणि घोषणापत्रावर सही व साक्षांकन झाले की नाही, क्रमांक जुळले की नाही, ते पाकीट बंद होण्याआधी अधिकाऱ्यांना नम्रपणे विचारून घ्या. सासूबाईंचा अर्ज या वेळी भरायचा की रॅम्प चढायचा हे मात्र त्याच ठरवणार आहेत. सध्या तरी त्यांचे म्हणणे आहे की शाळेत सिमेंटचा रॅम्प झाला तर त्या केंद्रावरच जातील.