ई-बर्ड: आयुष्यभराची पक्षीयादी ठेवायला कसं आहे?

थोडं वहीत, थोडं एक्सेलमध्ये, उरलेलं फोटोंच्या फोल्डरांत असा विखुरलेला हिशेब एका जागी आणायचा असेल, तर ई-बर्डच्या तोडीचं दुसरं काही नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी या पक्षी-अभ्यास संस्थेनं २००२ मध्ये सुरू केलेली पक्षीनोंदींची ही सेवा (वेबसाइट आणि फोनवरचं अ‍ॅप) फुकट आहे आणि सेटिंगमध्ये पक्ष्यांची नावं मराठीत करून घेता येतात. लाइफ लिस्ट, वर्षाची यादी, जिल्ह्याची यादी आपोआप तयार होते. घोळ होतो तो नोंदी भरताना.

यादी पाठवताना अ‍ॅप विचारतं, ही कम्प्लीट चेकलिस्ट आहे का? ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहिला असेल तरच 'हो' म्हणायचं. कावळे-साळुंक्या 'काय त्यात' म्हणून गाळल्या आणि हळद्या तेवढा लिहिला, तर उत्तर 'नाही'. अभ्यासाला हाच फरक लागतो, कारण पूर्ण यादीत एखादा पक्षी नसणं हीसुद्धा नोंद ठरते. भारतातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारे 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चे अहवाल अशाच याद्यांवर उभे आहेत.

आकड्याच्या जागी 'एक्स' (पक्षी होता, पण मोजला नाही) टाकायची सोय आहे, पण ती आळशी माणसाची. पुण्याजवळच्या कवडी पाटला चक्रवाकांचा थवा बसला असेल तर आधी दहा मोजा, ते किती जागा व्यापतात ते बघा आणि तेवढे तुकडे पाडत पुढे जा. एक्सपेक्षा असा अंदाज केव्हाही बरा.

अंतराचं गणित जास्त फसवं. त्याच वाटेनं परत आलात तर अंतर एकदाच धरायचं, पण जीपीएस जाणं-येणं दोन्ही मोजतं, म्हणून पाठवण्याआधी आकडा हातानं दुरुस्त करावा लागतो. बॅटरी वाचवणारे फोन मागे चाललेलं अ‍ॅप बंद करतात, मग चाललेल्या वाटेची नोंद, म्हणजे ट्रॅक, तुटतो. बॅटरी सेटिंगमध्ये ई-बर्डला सूट द्या आणि आपल्या भागाचा पॅक (तिथल्या पक्ष्यांची यादी) घरीच वायफायवर उतरवून ठेवा. भिगवणला दिवसभराची एकच यादी करण्यापेक्षा जागा बदलली की नवी यादी सुरू करा. आणि जागा निवडताना हॉटस्पॉट, म्हणजे सगळ्यांसाठी नकाशावर ठरलेली सामायिक जागा, निवडा, कारण स्वतःच्या खुणेवर टाकलेली यादी हॉटस्पॉटच्या आकड्यांत धरली जात नाही. चौघं बरोबर असाल तर एकानं यादी करून बाकीच्यांना शेअर करावी, नाहीतर तेच पक्षी चार वेळा मोजले जातात.

दुर्मीळ पक्षी किंवा फार मोठा आकडा आला की अ‍ॅप तपशील मागतं. तिथे 'छान दिसला' लिहून नोंदी तपासणारे परीक्षक मानणार नाहीत, आणि का मानावं? टेमिंकचा टिलवा लिहिलात तर पाय पिवळसर होते हे सांगा, कारण छोट्या टिलव्याचे काळे असतात. खात्री नसेल तर 'अमुक किंवा तमुक' असे जोडपर्याय यादीत असतातच. मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपनं आवाजावरून सुचवलेलं नाव तसंच उतरवू नका, भृंगराजाच्या नकला त्यालाही फसवतात. घुबडाचं घरटं किंवा ढोली सापडली तर यादी लपवायचा पर्याय वापरा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची जत्रा भरते.

जुन्या वह्या वेबसाइटवरून भरता येतात. वेळ-अंतर ठाऊक नसलेल्या नोंदी 'हिस्टॉरिकल'मध्ये जातात, आणि तारीखच आठवत नसेल तर १ जानेवारी १९०० टाकायची पद्धत आहे. वर्गीकरण दरवर्षी बदलतं, तेव्हा एखाद्या जातीच्या दोन झाल्या की यादीतला आकडा बसल्याजागी वाढतो. एकत्र केल्या की घटतोही, आणि त्यावर लोक खरंच हळहळतात!

उणीव एकच, पण मोठी: वागणुकीचे बारकावे, हवामान यांना टिप्पणीच्या चौकटीपलीकडे फारशी जागा नाही. वही चालूच ठेवा. वर्षातून एकदा आपला सगळा डेटा सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये) मागवून घ्या. त्या फाइलमध्ये फोटो आणि आवाज येत नाहीत, तेव्हा मूळ फायली हार्ड डिस्कवर वेगळ्या ठेवाव्या लागतात.