जुन्या रेडिएटरांना नवा बॉयलर: लो लॉस हेडर घ्यावा की प्लेट हीट एक्स्चेंजर?

ब्रिटनमधल्या जुन्या शाळा-ऑफिसांत ओतीव लोखंडाचे रेडिएटर अजून ठणठणीत असतात, बदलावा लागतो तो बॉयलर. नव्या कंडेन्सिंग बॉयलरच्या (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणाऱ्या) आतल्या वाटा अरुंद आणि जुन्या पाइपांतलं पाणी गंजाने काळं. शिवाय रेडिएटरचे व्हॉल्व्ह बंद होत गेले की बॉयलरमधला प्रवाहही घटतो. म्हणून दोघांच्या मध्ये काहीतरी बसवावं लागतं.

लो लॉस हेडर म्हणजे उभा जाड पाइप. त्यात पाणी इतकं संथ वाहतं की एका बाजूचा पंप दुसऱ्या बाजूच्या पंपाला ढकलत नाही. ३०० किलोवॅटचा बॉयलर ७०/५० अंशांवर (पाणी ७० अंशांनी जातं, ५० अंशांनी परततं) चालवायचा तर प्रवाह सेकंदाला साधारण ३.६ लिटर. जोडणीचा पाइप ६५ मिमी धरला तर त्यात वेग सेकंदाला १ मीटर येतो. हेडर त्याच्या तिप्पट, म्हणजे २०० मिमी घ्यावा; वेग ०.१ मीटरवर उतरतो, हवा वर सुटते, गाळ तळाशी बसतो. वर एअर व्हेंट आणि खाली ड्रेन नसेल तर हा फायदा वाया जातो.

हेडर बदनाम होतो तो पंपांमुळे. रेडिएटरकडचा पंप ४.५ लिटर ओढत असेल, तर कमी पडणारं पाणी रिटर्नमधून, म्हणजे परतीच्या पाण्यातून, येऊन मिसळतं आणि ७० ऐवजी ६६ अंशांचंच पुढे जातं. उलट बॉयलरचा पंप मोठा असला तर गरम पाणी तसंच मागे फिरतं. नैसर्गिक वायूच्या धुरातली वाफ साधारण ५५ अंशांखालीच पाणी होते; रिटर्न त्याच्या वर गेलं की कंडेन्सिंग बॉयलरला दिलेले जादा पैसे बुडाले. बॉयलरकडचा प्रवाह रेडिएटरकडच्या प्रवाहापेक्षा किंचितच कमी ठेवावा आणि तापमानाचा सेन्सर हेडरच्या पुढे, रेडिएटरच्या बाजूला लावावा.

हेडरने दाब वेगळे होतात, पाणी मात्र एकच राहतं. जुनी व्यवस्था धुऊनही काळं पाणी येत असेल, कुठे गळती असल्याने सतत ताजं पाणी भरावं लागत असेल, किंवा बॉयलर ॲल्युमिनियमचा असून पाण्याचा पीएच ८.५ च्या वर जात असेल, तर प्लेट एक्स्चेंजरच घ्यावा, दुप्पट खर्च झाला तरी. त्यात पातळ धातूच्या प्लेटांमधून उष्णता पलीकडे जाते, दोन्हीकडचं पाणी मिसळत नाही. मात्र त्यात साधारण ५ अंश जातात: ७०/५० चे पलीकडे ६५/४५. हे रेडिएटर बहुधा ८२/७१ साठी मोजलेले असतात, तेव्हा कडाक्याच्या थंडीत एवढी ऊब पुरेल का, हे खोलीवार तपासूनच ऑर्डर द्यावी.

ब्रेझ्ड, म्हणजे प्लेटा डाग देऊन कायमच्या जोडलेली, प्लेट स्वस्त पडते, पण उघडता येत नाही. गाळाच्या पाण्याला गॅस्केटवालीच (रबरी सीलवर बसवलेली, उघडता येणारी) हवी, आणि जुन्या बाजूच्या रिटर्नवर चुंबकीय फिल्टर व स्ट्रेनर (गाळणीची जाळी). त्या बाजूला स्वतंत्र एक्स्पान्शन व्हेसल (तापून फुगलेलं पाणी सामावणारी टाकी), सेफ्टी व्हॉल्व्ह आणि पाणी भरायची सोय लागते. कोटेशनमधून नेमकं हेच गळलेलं असतं. प्लेटच्या दोन्ही टोकांना प्रेशर गेज लावून पहिल्या दिवशीचा फरक लिहून ठेवावा. तेवढ्याच प्रवाहाला तो दीडपट झाला की प्लेटा उघडून धुवायच्या.