तपकीर गल्लीत मॉनिटर जिवंत झाला

माझा १९ इंची जुना मॉनिटर चालू केला की लाईट नुसता लुकलुकायचा, दहा-पंधरा मिनिटांनी मूड आला तर चित्र. सर्व्हिस सेंटरवाले म्हणे नवीनच घ्या, उघडून बघितलं पण नाही! मग पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या एका छोट्या दुकानात नेला, काकांनी खोलून पॉवर बोर्ड दाखवला तर तीन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबीसारखे भाग) डोक्यावर टम्म फुगलेले, एकातून तपकिरी चिकट काहीतरी आलेलं. १६ व्होल्टच्या जागी २५ व्होल्टचे टाकले, क्षमता तीच १००० मायक्रोफॅरॅड, १०५ डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारे. कपॅसिटरवरची पट्टी बघून मायनसची बाजू नीट लावली. अर्ध्या तासात काम, ३५० रुपये. फक्त पार्किंगचं विचारू नका.