सैतानाला क्षमा मिळू शकते का? तीन उत्तरं, आणि त्यांतलं कुठलं धरावं

प्रश्न पोरकट वाटतो, पण त्यावर एका सम्राटाने फर्मान काढलेलं आहे. दुष्टात्म्यांची आणि पापी माणसांची शिक्षा तात्पुरती आहे, ती कधीतरी संपेल, असं म्हणणाऱ्याला ५४३ साली जस्टिनियनने शापित ठरवलं. रोख होता अलेक्झांड्रियाच्या ऑरिजेन या ख्रिस्ती विचारवंतावर, आणि तो जाऊन तोवर तीनशे वर्षं होत आली होती. एवढा काळ हा वाद धुमसत राहिला, कारण सैतानाच्या आडून बोलणं चाललं होतं ते देवाबद्दल.

उत्तरं ढोबळमानाने तीन: कधीच नाही, शेवटी हो, आणि मिळाली असती, पण त्याने मागितलीच नाही. निवड करण्याआधी एक गैरसमज बाजूला ठेवा. ‘नाही’ म्हणणारे देवाला निष्ठुर ठरवतात असं नाही. कॅथलिक चर्चचा १९९२चा धर्मशिक्षाग्रंथ स्पष्ट सांगतो की पतित देवदूतांचं (सैतान त्यांचाच म्होरक्या) पाप अक्षम्य ठरलं ते त्यांची निवड कायमची होती म्हणून, देवाच्या दयेत काही उणं होतं म्हणून नव्हे. तेव्हा दया किती मोठी हा मुद्दा सोडा. एखाद्याची इच्छाशक्ती कायमची गोठू शकते का, हे तपासा.

‘गोठते’ या बाजूचा सर्वांत भक्कम वकील तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस. त्याचं म्हणणं असं: माणूस एकेक गोष्ट समजून घेत, अडखळत निर्णय घेतो; उद्या नवं काही कळलं की मत बदलतो. देवदूताला शरीर नाही, त्याचं ज्ञान टप्प्याटप्प्याने येत नाही. तो पाहतो ते एकदम आणि पूर्ण. त्याने एकदा निवडलं की फेरविचाराला कारणच उरत नाही. दमास्कसच्या योहानाने हेच आधी थोडक्यात सांगितलं होतं: माणसांना मरण, तसं देवदूतांना पतन. त्यानंतर पश्चात्ताप नाही.

युक्तिवाद देखणा आहे, पण त्याला एक भगदाड आहे. सगळं लख्ख दिसत असताना कुणी स्वतःच्या नाशाची निवड का करेल? थॉमस म्हणतो, सैतानाने वाईट मागितलं नाही. चांगलंच मागितलं, पण देवाच्या कृपेवाचून, स्वतःच्या बळावर. मला हे अर्धंच पटतं. ज्याला इतकं दिसतं त्याला हेही दिसायला हवं होतं.

ख्रिस्ती विचारवंत अन्सेल्मने अकराव्या शतकाच्या अखेरीस दुसरी वाट धरली. माणसांना तारायला देव माणूस झाला, कारण सगळी माणसं एका वंशाची आहेत. देवदूतांचा असा एक वंश नाही, म्हणून एकाने केलेलं सगळ्यांना लागू पडत नाही. शिवाय माणसाला कुणीतरी भुलवलं होतं, सैतानाला कुणीच नाही. हा दुसरा मुद्दा वकिली थाटाचा असला तरी मला अधिक वजनदार वाटतो.

आता ऑरिजेन. बायबलमधला प्रेषित पौल म्हणतो की शेवटी देव ‘सर्वांत सर्व’ होईल. ऑरिजेनने ते शब्दशः धरलं. पौलाने म्हटलेला ‘शेवटचा शत्रू’ नष्ट होतो म्हणजे देवाने निर्माण केलेला जीव नाहीसा होत नाही, त्याच्यातलं वैर संपतं. पसायदान पाठ असलेल्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. खळ मरोत असं मागणं तिथेही नाही, त्यांची व्यंकटी सांडो असं आहे. गंमत म्हणजे सैतान तरेल असं आपण म्हटल्याचा आरोप खुद्द ऑरिजेनने अलेक्झांड्रियातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रात झटकून टाकला होता. त्या पत्राचे उतारे टिकले ते रुफिनस आणि जेरोम यांच्या लिखाणात, म्हणजे एका समर्थकाच्या आणि एका विरोधकाच्या. त्यामुळे या बाजूसाठी नाव घ्यायचंच तर नीसाच्या ग्रेगरीचं घ्यावं. दुष्टतेचा जनकसुद्धा शेवटी बरा होईल असं चौथ्या शतकात त्याने उघड लिहिलं, आणि चर्च त्याला आजही संत मानतं.

या बाजूची अडचण स्वातंत्र्यात आहे. सैतान लाखो वर्षांनी वळू शकतो, तर स्वर्गात पोचलेला संत पुन्हा का घसरू शकणार नाही? ऑरिजेनचं उत्तर असं की प्रेम पूर्ण झालं की ते पडू देत नाही. म्हणजे तोही शेवटी इच्छा स्थिर करतोच. थॉमस ती पहिल्या निवडीनंतर लगेच स्थिर करतो, चांगल्या देवदूतांची चांगल्यात आणि वाईटांची वाईटात. ऑरिजेन युगांच्या अखेरीस, आणि फक्त चांगल्यात. ‘मी स्वातंत्र्याच्या बाजूने आहे’ एवढं म्हणून यांतलं एकही उत्तर निवडता येत नाही.

बायबलमधली वचनं मात्र ‘नाही’कडे झुकतात, हे मान्य करायला हवं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शाश्वत शिक्षा आणि शाश्वत जीवन एकाच वाक्यात येतात. ऑगस्टीन या धर्मपंडिताने नेमकं बोट तिथे ठेवलं: एक संपतं म्हणाल, तर दुसरंही संपेल. चर्च सैतानासाठी प्रार्थना करत नाही, हेही त्याने पुराव्यासारखं मांडलं. त्याच्यासमोर सातव्या शतकातला निनवेचा इसहाक ठेवून पाहा. दयाळू हृदय कसलं, तर माणसं, पक्षी, प्राणी आणि दुष्टात्मे या सगळ्यांसाठी जळणारं, असं तो सांगतो.

तिसरं उत्तर कुराणातलं, आणि मांडणी म्हणून ते मला सर्वांत धारदार वाटतं. सातव्या सूऱ्यात, म्हणजे अध्यायात, दोन चुका शेजारी शेजारी आहेत. इब्लिस, म्हणजे कुराणातला सैतान, देवाने सांगूनही आदमपुढे वाकत नाही आणि कारण देतो: मी आगीचा, हा मातीचा. तो मागतो ती मुदत, कयामतीपर्यंतची, आणि ती त्याला मिळतेही. थोड्याच आयतींनंतर आदम आणि त्याची पत्नी चुकतात आणि म्हणतात, आम्ही स्वतःवरच अन्याय केला, तू क्षमा केली नाहीस तर आम्ही बुडालो. एकाने मुदत मागितली, दुसऱ्यांनी क्षमा; इथे इच्छाशक्तीचं तत्त्वज्ञान लागतच नाही. सूफी परंपरेतली एक कथा याच्याही पुढे जाते: इब्लिस प्रेषित मूसामार्फत (म्हणजे मोझेसमार्फत) क्षमेबद्दल विचारतो, उत्तर येतं की आदमच्या कबरीपुढे नतमस्तक हो, आणि तो म्हणतो, जिवंतपणी वाकलो नाही, मेल्यावर काय वाकू! मुख्य प्रवाहात मात्र इब्लिसचा शेवट नरकातच मानतात.

बौद्ध कथांमध्ये हा पेच जवळपास सुटलेलाच आहे. भिक्खू उपगुप्त माराला, म्हणजे भुलवणाऱ्या दुष्टशक्तीला, वठणीवर आणतो आणि मार भक्त होतो. बुद्धाचा शिष्य मोग्गल्लान तर सांगतो की मागच्या एका जन्मी आपणच मार होतो. पण तिथे मार हे पद आहे, जन्मोजन्मी बदलणारं. ते उत्तर उचलून ख्रिस्ती चौकटीत बसवता येणार नाही.

निवड करताना स्वतःला एवढंच विचारा की तुमच्यासाठी शेवटचा शब्द कशाचा आहे. वचनाचा असेल तर ‘नाही’ धरा, पण धर्मशिक्षाग्रंथाने दिलेल्या कारणासकट. देवाच्या स्वभावाचा असेल तर ग्रेगरीकडे जा, आणि त्याच्यापाशी आशा आहे, पुरावा नाही, हे कबूल करून जा. मी स्वतः इसहाकाच्या जवळ उभा आहे: प्रार्थना करावी, निकाल जाहीर करू नये. एक चूक मात्र तिन्ही बाजूंनी टाळण्यासारखी आहे. सैतानाचा निकाल माणसांना लावू नका. अमुक माणूस आता सुधारणं शक्यच नाही, असं म्हणायला थॉमसचा आधार मिळत नाही. त्याने सैतानाला दार बंद केलं तेच मुळी माणूस जिवंत असेतो बदलतो, देवदूत बदलत नाही, या फरकावर.