करंट गेला की पुन्हा पहिलं गाणं! (सीडी प्लेयर: पावसाळा ते थंडी, वापरानंतरचा अनुभव)

सर्व्हिस सेंटरनं माझी सीडी प्लेयरची तक्रार काल पुन्हा ‘क्लोज’ केली. कारण एका ओळीत: प्रॉडक्ट नॉर्मल आहे. बरं, नॉर्मल तर नॉर्मल. त्या नॉर्मल प्रॉडक्टबरोबर अख्खा पावसाळा आणि वर दिवाळी काढल्यावर माझं काय मत झालं, ते इथं लिहून ठेवतो.

कंपनीचं नाव घेत नाही. सीडी, यूएसबी, ब्लूटूथ आणि एफएम एकाच डब्यात, पुढं डोळ्यांत खुपणारे निळे आकडे, सोबत १२ व्होल्ट, २ अँपियरचा अडॅप्टर. एवढ्यावर ओळखणारे ओळखतील. वॅट, बास, ब्लूटूथची रेंज हे सगळं तुम्ही आधीच वाचलेलं असणार. आवाजाबद्दल तक्रार नाही. या किमतीला गिटारच्या तारेवरचं प्रत्येक बोट वेगळं ऐकू येतं, आणि डबा घेतला तो त्यासाठीच. ‘डायर स्ट्रेट्स’ या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवाला आणि गायक मार्क नॉफ्लर पिकशिवाय (तार छेडायच्या पट्टीशिवाय), बोटांनी वाजवतो. डावखुरा असून गिटार मात्र उजव्यांसारखी धरतो. मोबाइलच्या स्पीकरवर त्या बोटांचा नुसता चोथा येतो.

सीडी माझ्याकडं कॉलेजपासूनच्या आहेत. काही पुण्याहून आणलेल्या, काही मेव्हण्यानं मस्कतहून. जुनी गाडी विकली तशी सीडी लावायची शेवटची जागा गेली, नव्या गाडीत ते भोकच नाही. मुलगी म्हणाली, ॲप घ्या बाबा. दर महिन्याला भाडं भरून आपल्याच कपाटातली गाणी ऐकायची, हे माझ्या हिशेबात बसत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करणारा माणूस मी, पैशा-पैशावर घासाघीस करून पार्ट बाहेर पडतो. शिवाय नॉफ्लर आणि सीडी हे नातंच जुनं. डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ १९८५ ला आला तो पूर्ण डिजिटल रेकॉर्डिंगवर, आणि सीडीवर दहा लाखांच्या वर खपलेला तो पहिला अल्बम. एलपीवर जागा पुरेना म्हणून त्यातली काही गाणी छाटली होती, सीडीवर ती पूर्ण मिळतात. तेव्हा जुनाट म्हणून नाक मुरडू नका.

आता दोष. सीडी चालू असताना करंट गेला आणि परत आला, की हा डबा पहिल्या गाण्यावर जातो. तेही लगेच नाही, आधी स्टँडबायवर बसून राहतो. रिमोट शोधा, बटण दाबा, घर्र घर्र करत तो सीडी वाचेपर्यंत थांबा, आणि मग गाणं पहिलं. नवव्या गाण्यावर होतो, हे त्याच्या गावीही नसतं. यूएसबीवर मात्र याला सगळं आठवतं! पेनड्राइव्ह लावून प्लग काढा, परत घाला, जिथं थांबला होता तिथूनच उचलतो. म्हणजे लक्षात ठेवायची सोय आत आहे, सीडीला तेवढी दिलेली नाही. मला लागलं ते हे. येत नाही म्हणाले असते तर सोडून दिलं असतं.

जून ते सप्टेंबर टिळकवाडीत काय असतं ते इथल्यांना सांगायला नको. पाऊस, फांदी, तार, अंधार. घरात इन्व्हर्टर आहे. पण लाइनवरून बॅटरीवर जाताना पापणी लवण्याइतका खंड पडतो, तेवढ्यात पंखा फिरत राहतो, राउटर टिकतो आणि हा एकटा मरतो. यूपीएस मोडवर टाकून पाहिलं, फरक नाही. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, हुबळीला पाठवा, कुरियर तुमच्या खर्चानं, तिथंही नॉर्मल निघालं तर तपासणीचे पैसे वेगळे. वॉरंटी मग कशाची, खोक्याची?

हे एवढं ताणून सांगतोय, कारण आमची अख्खी क्रमवारी या दोषावर उभी राहिली. आम्ही चौघे जुने नॉफ्लरवाले. गणपतीत ठरलं की प्रत्येकानं नॉफ्लरच्या एकट्याच्या अल्बमांचा क्रम लावायचा. सिनेमाचं संगीत नाही, चेट ॲटकिन्स किंवा एमीलू हॅरिसबरोबर जोडीनं केलेलं नाही, डायर स्ट्रेट्स तर नाहीच. १९९६ चा ‘गोल्डन हार्ट’ ते २०२४ चा ‘वन डीप रिव्हर’, असे दहा अल्बम. आमच्या चौघांतले सर डायर स्ट्रेट्सशिवाय यादी करायला तयारच नव्हते. ते म्हणाले, “तुझ्या डब्याला ‘लव्ह ओव्हर गोल्ड’च बरा. गाणी पाच, त्यात पहिलंच चौदा मिनिटांचं. कितीदा पहिल्यापासून लागलं तरी नुकसान नाही.”

सरांचं म्हणणं थट्टेचं होतं, पण माझी पहिली यादी बघितली तर तसंच झालेलं. ज्या अल्बमचं पहिलं गाणं दणदणीत, तो वर. पहिला नंबर ‘सेलिंग टू फिलाडेल्फिया’ (२०००). सुरुवातीला ‘व्हॉट इट इज’, एडिनबराच्या रात्रीचं, त्यातली गिटार पावसाळाभर आमच्या घरात इतक्या वेळा वाजली की बायको कणीक मळताना ती गुणगुणायला लागली. दुसरं शीर्षकगीत. तिथपर्यंत करंट बहुधा टिकायचा.

त्या शीर्षकगीतावर थोडं थांबतो. अमेरिकन गायक जेम्स टेलरबरोबर गायलेलं. चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन हे दोन इंग्रज मोजणीदार, १७६३ ते १७६७ या काळात त्यांनी पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमधली हद्द आखली, त्यांची गोष्ट. डिक्सनचं नॉफ्लर गातो, मेसनचं टेलर. बेळगावात बसून हे ऐकणारा माणूस आधी हिशेबच मांडतो. पेन आणि कॅल्व्हर्ट या दोन घराण्यांचं भांडण, मोजणीदार आले, साखळी ओढली, चार वर्षांत काम उरकलं. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९६७ ला, महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर महाजन आयोगाचा अहवाल आला. त्यानं काही मिटलं नाही, आणि २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. आमच्या चौघांतला बँकवाला कन्नड. या मुद्द्यावर आम्ही दोघं चहा मागवतो आणि पुढचं गाणं लावतो.

बँकवाल्याचा लाडका ‘शांग्री-ला’ (२००४). माझ्या पहिल्या यादीत तो दुसरा होता, कारण तेच. सुरुवातीचं ‘फाइव्ह फिफ्टीन एएम’ १९६७ च्या इंग्लंडच्या ईशान्येकडल्या एका खुनाबद्दल आहे, जुगाराच्या स्लॉट मशीनच्या धंद्यातल्या. लगेच मागं ‘बूम, लाइक दॅट’, मॅकडोनाल्ड्सची साखळी उभी करणाऱ्या रे क्रॉकवरचं. बँकवाल्याला कर्जं मंजूर करताना ते आठवतं म्हणे. २००३ ला मोटरसायकलच्या अपघातात नॉफ्लरचं खांद्याचं हाड आणि बरगड्या मोडल्या, त्यातून उठल्यावरचा हा अल्बम. २००५ च्या मार्चमध्ये याच दौऱ्यात तो मुंबईला आणि बेंगळुरूला येऊन गेला. बेळगाव या दोन्हींच्या साधारण मध्यावर, म्हणून मी कुठं जावं हे ठरवेपर्यंत दोन्ही झाले. बँकवाला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरूला जाऊन ऐकून आला. ‘शांग्री-ला’चा विषय निघाला की त्या प्रवासाचं सगळं पुन्हा ऐकावं लागतं, अल्बमची किंमत त्यामुळंही माझ्या मनात थोडी कमीच धरा.

इथपर्यंतचा रिव्ह्यू मी ऑक्टोबरातच लिहून ठेवला होता, पाचपैकी एक तारा देऊन. मग खडे बाजारातल्या रेडिओवाल्याकडं डबा घेऊन गेलो. त्यानं उघडलासुद्धा नाही. “अण्णा, ह्यात बिघाड काय नाही बघा. मेमरीच दिली नाही त्यांनी, मी कुठनं घालू? वायफायला लावत्यात तो छोटा यूपीएस घ्या की. बारा व्होल्टच हाय ते बी.” सर्व्हिस सेंटरनं महिनोन् महिने जे सांगितलं नाही, ते यानं काउंटरवर कोपर टेकून सांगितलं. पैसेही घेतले नाहीत. घासाघीस करून चौदाशेचा यूपीएस बाराशेला आणला, अडॅप्टर आणि डबा यांच्यामध्ये जोडला. आता करंट जातो, येतो, डब्याला पत्ता नाही. एकच पथ्य: आवाज वर चढवून ठेवला आणि लाइट गेली, तर बास आला की यूपीएसचा दम तुटतो. तेव्हा ढगाळ दिवशी आवाज मध्यमच ठेवायचा.

आणि मग यादी पार उलटली.

पावसाळाभर ‘गेट लकी’ (२००९) माझ्याकडं मधेच कुठंतरी लोळत होता. त्याचं पहिलं गाणं ‘बॉर्डर रीव्हर’ मला आवडायचंच: ग्लासगोत बनणारी अल्बियनची लॉरी, साल १९६९, कागदपत्रं चोख ठेवून दक्षिणेकडं निघालेला ड्रायव्हर. महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर रात्री रांगेत थांबलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला ते समजावून सांगावं लागणार नाही. पण अल्बमचा जीव शेवटच्या गाण्यात आहे, आणि नेमकं तिथंच मी कधी पोचत नव्हतो. ‘पायपर टू दि एंड’ नॉफ्लरनं आपल्या मामावर लिहिलंय. फ्रेडी मामा टाइनसाइड स्कॉटिश पलटणीत बॅगपाइप वाजवायचा. मे १९४० मध्ये फ्रान्समध्ये आरासजवळ फिशूला तो पाइप घेऊनच लढाईत उतरला आणि मारला गेला. वय २० वर्षं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आमच्या गावात, कॅम्पाच्या बाजूला पाइपचे सूर कानावर पडतच आम्ही वाढलो. बोट, कोळसा, गोदी, पत्रा अशी सगळी कामाची माणसं त्या अल्बममध्ये येऊन जातात, आणि शेवटी हा पोरगा. पहिल्या गाण्यावरून मी त्याला पाचवा ठेवला होता, आता तो पहिला. यावर आमच्यात कुणाशीही भांडायला तयार आहे.

दुसरा ‘द रॅगपिकर्स ड्रीम’ (२००२). ‘व्हाय आय मॅन’मधले न्यूकॅसलकडचे गवंडी कामासाठी जर्मनीला जातात, आमच्याकडं खानापूरची पोरं गोव्याला नाहीतर पुण्याला जातात, बॅगेत काय भरतात एवढाच फरक. पुढचं ‘हिल फार्मर्स ब्लूज’ आणि ‘अ प्लेस व्हेअर वी यूज्ड टू लिव्ह’ यूपीएसशिवायही कधीमधी ऐकायला मिळायचं, म्हणून हा अल्बम दोन्ही याद्यांत वरच राहिला. ‘सेलिंग’ तिसऱ्यावर गेला. ‘स्पीडवे ॲट नाझरेथ’ शेवटाकडं आहे, ते यूपीएसनंतर पहिल्यांदा सलग ऐकलं, अंगावर काटा आला. पण त्याच्या आधी ‘एल माचो’ आणि ‘डू अमेरिका’ सहन करावी लागतात. ‘शांग्री-ला’ चौथा. बँकवाला दोन दिवस फोन उचलत नव्हता.

‘किल टू गेट क्रिमझन’ (२००७) शेवटच्या ‘इन द स्काय’मुळं वर आला. ‘गोल्डन हार्ट’ खाली गेला, त्यात मन लागत नाही, कारण विचारू नका. ‘ट्रॅकर’मधलं ‘बेरिल’ चांगलं, बाकी झोप. ‘डाउन द रोड व्हेअरेव्हर’ शेवटचा, गाणी लांबत जातात आणि लाइट गेली तरी हरकत नाही असं वाटतं. ‘वन डीप रिव्हर’ला अजून नंबर दिलेला नाही, नॉफ्लरच्या लहानपणच्या टाइन नदीकडं तो परत गेलाय आणि पंच्याहत्तरीच्या उंबऱ्यावरचा त्याचा आवाज मला अजून पचायचाय. ‘प्रायव्हेटियरिंग’ (२०१२) दोन सीडींचा. या डब्यात ट्रे एकच, म्हणून मध्येच उठावं लागतं आणि माझे गुडघे त्याचा एक नंबर कमी करतात. गंमत म्हणजे यूपीएसच्या आधी त्याची दुसरी सीडी मला जास्त पाठ होती, ती ‘किंगडम ऑफ गोल्ड’नं सुरू होते म्हणून.

याद्या लिहिताना बायकोनं विचारलं, हा माणूस आता काय करतो? सांगितलं, जानेवारी २०२४ ला लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात त्यानं आपल्या शंभरावर गिटारी विकल्या, ८८ लाख पौंडांच्या वर रक्कम आली, त्यातला चौथा हिस्सा धर्मादाय संस्थांना. ती म्हणाली, “बघा, त्यानं गिटारी विकल्या आणि तुम्ही सीडीची रिकामी खोकीसुद्धा टाकत नाही.” रिकामी खोकी ठेवलीत, कारण फुटलेल्यांच्या जागी ती लागतात. हे तिला पटलेलं नाही.

घ्यायचा असेल तर दुकानात सीडी लावून, चौथ्या-पाचव्या गाण्यावर प्लग काढून बघा, दुकानदार काय वाटेल ते म्हणो. निळ्या आकड्यांवर चिकटपट्टी लावा, रात्री भिंत उजळते. रिमोटच्या सेलचं झाकण लवकर तुटतं, माझं रबरबँडवर आहे. एक तारा खोडून अडीच केलेत. यूपीएससकट धरलं तर साडेतीन देता येतील, पण मग ते बाराशे रुपये कंपनीनं माझ्या खात्यावर टाकावेत. बिल जपून ठेवलंय.