येऊरची सरडे-निरीक्षण फेरी: जरूर जा, पण गट लहान हवा

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातली ही फेरी पावसाच्या तोंडावर नक्की घ्या, कारण बागेतल्या साध्या सरड्याचा विणीचा हंगाम तेव्हा भरात असतो. नर उघड्या फांदीवर किंवा कुंपणाच्या खांबावर चढतो, जोर काढावेत तसं अंग वरखाली करतो, गळा फुगवतो. डोकं-खांदे केशरी-लाल, गळ्याच्या बाजूला काळा डाग. झुंजीत हरला की रंग झरझर उतरतो. हे सगळं मार्गदर्शक मन लावून दाखवतात.

‘लाल तो नर, बाकी माद्या’ हे त्यांचं सूत्र मात्र चूक आहे. कोवळे नर आणि हंगामाबाहेरचे नरही मातकटच असतात. खात्रीसाठी सुजलेले गाल, पाठीवरचा उंच तुरा आणि शेपटीच्या बुडाचा फुगीरपणा बघा.

सुरुवात सकाळी ७ ला होते, ती ९ ला हवी. ऊन खाल्ल्याशिवाय सरडे हलत नाहीत. २० जणांचा घोळका पुढे सरकला की सरडा खोडाच्या पलीकडच्या बाजूला जातो. ४-५ मीटरवर थांबा, आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. ८×४२ ची (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची), २ मीटरवरचंही स्पष्ट दाखवणारी दुर्बीण स्वतःची न्या. तिथे मिळणाऱ्या दुर्बिणी जवळचं स्पष्ट दाखवत नाहीत.